पूजेतला कोयता

"रिंग खुंटीवरून निघाली पाहिजे ती फकस्त पाण्यात पडाया. दुसऱ्या कंच्याबी कामाला न्हाय. ध्यानात राहील ना, तुळजा?"

केसरीनाथदादांचं हे बोलणं तुळजाच्या कानात असं बसलं होतं, की सकाळी घटाला माळ चढवतानाही ते मधेच उमटे. ओठांवर वज्रेश्वरी आईचं नाव आणि कानात दादांचा आवाज. तिला आपलीच लाज वाटे. मग ती पुन्हा पहिल्यापासून नाव घ्यायला लागे.

पंचाहत्तर सालची गोष्ट. कोन गावाजवळ खाडीवर पुलाचं काम चाललं होतं. तुळजा तिथे घमेली वाही आणि तिचा नवरा दामू परांची बांधी. बांबूला बांबू लावायचा, काथ्याने करकचून आवळायचा आणि त्याच बांबूवर पाय देऊन आणखी वर जायचं, खाली खाडी. दोघं मूळचे आतल्या गावचे, आता कामतघरच्या चाळीत खोली घेऊन राहिलेले. पोहणं दोघांनाही ठाऊक नाही. गावाला एक ओढा, तोही होळीच्या आत आटायचा. त्यात कोण पोहणार आणि कोण बुडणार?

आषाढात परांचीवरून एक माणूस पडला. त्याला काढायला दुसऱ्याने उडी घेतली, तो तर पट्टीचा पोहणारा. पडला एक आणि गेले दोघं. त्या दिवशी दामू घरी आला तो भाकरी मोडत बसला, खाल्ली मात्र नाही. तुळजाने त्याच्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात नवस बोलली. "आई, औंदाच्या नवरात्रात नऊ दिस अनवाणी चालीन, अन्नाला शिवणार न्हाय. माझ्या माणसाचा पाय बांबूवर राहू दे."

ते दोघं गेल्यावर साहेबांनी कोन गावच्या केसरीनाथदादांना बोलावून आणलं. दादांची घरची शेती होती, मिठागर होतं. पण उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या बंदरात लाँचवर काढली होती. कामावर आले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रेतीच्या ढिगाजवळ बसवलं आणि विचारलं, "पोहता कुनाकुनाला येतं?"

आठ-दहा हात वर झाले. काँक्रीटवर पाणी मारणाऱ्या लडकूने तर दोन्ही हात वर केले.

"बरं. तुम्ही समदे तिकडं बाजूला बसा. तुमचं काम न्हाय."

लडकूचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याची बायको पुतळाबाई पदराआड हसली. दादांची नजर फिरत फिरत तुळजावर येऊन थांबली. ती मागे, ओढून ओढून पाय लुगड्यात घेऊन बसली होती.

"तू गं?"

"मला न्हाय येत. मला तर पानी बघूनच कसंतरी होतं."

"मग तूच."

तुळजाला वाटलं, दादा थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती. खांबाजवळच्या लाकडी खुंटीवर बुडत्याला फेकायची लाल-पांढरी रिंग टांगली गेली, खालच्या खिळ्याला तिला बांधलेल्या लांब दोराचं वेटोळं, आणि त्या खुंटीची राखण तुळजाच्या गळ्यात पडली. रात्री तिने दामूला विचारलं, "घाबरनाऱ्या माणसालाच का नेमलं असंल?"

"तू उडी मारनार न्हाईस म्हनून."

"मग वाचवनार कशी?"

"दोरानं."

"आनी दोर न्हाई पुरला तर?"

दामूने विडी पेटवली. तुळजाला त्या बाजूने विचार करता येईना आणि या बाजूनेही येईना. शेवटी तिने नमस्कार करून डोळे मिटले.

शिकवणी रोज दुपारची. दादा एक वाळका भोपळा पाण्यात सोडत. भोपळा म्हणजे बुडणारा माणूस. त्याला सगळे पाव्हणा म्हणू लागले. "दोराचं टोक डाव्या पायाखाली. वेटोळं डाव्या हातात. रिंग उजव्या. पयली हाक मार, मग फेक. डोक्यावर न्हाय गं, डोक्याच्या पलीकडं! मग वढ. उडी न्हाय. कोनी कितीबी बोंबललं तरी उडी न्हाय."

तुळजाची पहिली रिंग वाळूतच पडली. दुसरी नेमकी भोपळ्यावर बसली आणि भोपळा फुटला.

"मेला गं पाव्हणा!" पुतळाबाई ओरडली. "आता तेराव्याला जेवान घाल!"

"तुझ्या नवऱ्यालाच सोडू का पान्यात?" तुळजाच्या तोंडून निघून गेलं. एरवी ती असं कुणाला बोलत नसे. सगळे खो खो हसले आणि लडकू म्हणाला, "मी पडलो तर माझा मी येईन वर. तुझी रिंग ठेव दामूला."

ते शेवटचे शब्द मात्र तिला लागले. दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा हात आपसूक शिकत गेला. डोक्यात गोंधळ तसाच होता, पण हात वेगळाच कुणाचा असावा तसा रिंग उचले आणि टाके.

मग नवरात्र आलं. तुळजाने घट बसवला, वहाणा कोनाड्यात ठेवल्या. कामतघरहून कोनपर्यंतची वाट ती अनवाणी चालू लागली. फराळाला दूध आणि मूठभर शेंगदाणे, तेही संध्याकाळचे. दसऱ्याला घट उठला की मगच अन्न.

खंडेनवमीला कामावर हत्यारांची पूजा मांडली जाई. मुकादम सावळाराम यात फार काटेकोर. सकाळीच त्याने जागा सारवून घेतली, धुतलेलं गोणपाट अंथरलं, त्यावर फावडी, थाप्या, ओळंबे, पहारी ओळीने मांडल्या आणि मधोमध दामूचा काथ्या कापायचा कोयता ठेवला. पाण्यावरचं काम सगळं त्या कोयत्यावर, म्हणून त्याला मधली जागा. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला. आता उद्या दसऱ्याच्या संध्याकाळी पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ती पण विश्रांती घेतात, असं सावळाराम म्हणे.

मग त्याची नजर खुंटीकडे गेली. "रिंगपन हत्यारच की. आन हिकडं, तुळजा."

"दादा सांगून गेलेत, खुंटीवरनं काढायची न्हाय."

"अगं, पूजेला काढायची. दुसऱ्या कामाला थोडीच?"

"पूजा म्हंजे दुसरं कामच झालं ना, मुकादम?"

सावळाराम विचारात पडला. दादांचा शब्द मोडणं त्यालाही जड वाटत होतं आणि सगळी हत्यारं पुजून एकट्या रिंगेला तसंच ठेवणं त्याहून जड. आधीच आषाढात दोघं गेलेले. शेवटी तुळजालाच सुचलं. "तिथंच करू ना पूजा. खुंटीवरच."

तसं झालं. रिंगेला हळद-कुंकवाची बोटं लागली. पण तिच्यावर झेंडूची माळ काही ठरेना, घातली की गोलावरून घसरून खाली. सावळारामने सुतळी मागवली. माळ रिंगेतून ओवली, खुंटीभोवती फिरवली, पुन्हा रिंगेतून घेतली. तुळजाने एका बाजूने धरून ठेवलं आणि गाठ मारायला दामूला हाक गेली. दामूची गाठ म्हणजे परांचीची गाठ. बांबू मोडेल पण ती सुटणार नाही.

दोन पावलं मागे सरून तुळजाने हात जोडले. रिंग फार साजरी दिसत होती. दादांचा शब्द राहिला आणि देवाचंही राहिलं, याचं तिला इतकं बरं वाटलं, की नऊ दिवसांचा उपास अंगाला जाणवेना.

काम बंद. गूळ-खोबरं वाटून झालं. पण आदल्या दिवशी घातलेलं काँक्रीट खांबावर उन्हाने तापत होतं, त्याला पाणी तर पाजलंच पाहिजे. सावळारामने डोकं खाजवलं आणि निवाडा दिला, "डबा काय हत्यार न्हाय. लडकू, तेवढं पानी मारून ये."

लडकू पिंपातून डबा भरून फळीवरून निघाला. खाडीला भरती लागलेली. त्याने वरून पुतळाबाईला काहीतरी हातवारा केला, बहुधा गूळ ठेव म्हणून, आणि ओल्या फळीवरून त्याचा पाय गेला. पडताना खांदा बांबूवर आपटला, तो आवाज काठावर सगळ्यांनी ऐकला. मग पाणी उडालं.

डोकं वर आलं. एक हात वर आला. दुसरा येईना.

"अहो! अहो, तो बघा!" पुतळाबाई पाण्याकडे हात करून ओरडली.

तिघं पोहणारे काठापर्यंत धावले आणि तिथेच खिळले. आषाढातला तो दुसरा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे असावा. त्यांनी वळून तुळजाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

तुळजा खुंटीशी पोचली होती. कशी, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिने रिंग ओढली. खुंटी हलली, रिंग नाही. झेंडूची फुलं तिच्या हातांवर गळून पडली. ती पूजा होती आणि ती पूजा ती ओरबाडत होती. तिने गाठीला नखं लावली, मग दात लावले. दामूची गाठ. दामू कुठे होता? लांब, चुन्याच्या शेडपाशी. तिकडून तो धावत येत होता, आणि आला तर तो उडी मारेल, हे तिला लख्ख दिसलं. पोहता येत नसताना मारेल.

शेजारीच गोणपाट. मधोमध कोयता, त्यावर कुंकू.

तिचा हात पुढे झाला आणि थांबला. हे सगळं ज्याच्यासाठी, नऊ दिवसांचे काटे ज्याच्यासाठी, त्याच्याच कोयत्याची पूजा मोडायची? मग त्याच्या पायाखालचा बांबू कोण धरणार? आणि न मोडावी तर तो वर येणारा एकच हात...

"आई, घेते गं," ती मोठ्याने म्हणाली. "पूजा उतरायच्या आत जाग्यावर आनून ठेवते."

सुतळी एका घावात तुटली. रिंग वेटोळ्यासकट डाव्या हातात आली, कोयता उजव्यात. डाव्या पायाने आपलं आपण दोराचं टोक दाबलं. "लडकूऽऽ!" ती ओरडली. आणि रोजच्या शिकवणीने तयार झालेला उजवा हात मागे गेला, पुढे आला आणि त्याच्यात जे होतं ते त्याने फेकलं.

कोयता उन्हात एकदा चमकला. लडकूच्या बराच अलीकडे, काठच्या दगडांपाशी तो पाण्यात गेला. डुबुक.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, तुळजाला तर मुळीच नाही. तिने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग रिंग त्या हातात घेतली आणि टाकली. ती लडकूच्या डोक्यापलीकडे पडली. तिने ओढली. लडकूने चांगला हात रिंगेत घातला आणि मान टेकली. मग दोराला एकाचे दहा हात लागले.

लडकू काठावर आला, पाणी ओकला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "ह्या बायनं मला आदी कोयता मारला."

पुतळाबाई रडता रडता हसली आणि हसता हसता तुळजाच्या पायांवर पडली. तुळजाने पाय मागे घेतले. तिला ते पाय आपले वाटत नव्हते. सावळाराम गोणपाटाशी उभा राहून मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होता. हळद-कुंकवात कोयत्याचा आकार तेवढा उरला होता.

"मानूस वाचलं, लई चांगलं झालं," तो हळूच म्हणाला. "पन मांडल्या पूजेतनं उचललं. आनी गेलंबी पान्यात. मला काय समजना बाबा."

दामू धापा टाकत आला. त्याने लडकूला पाहिलं, तुळजाला पाहिलं, गोणपाट पाहिलं. "जाऊ दे," म्हणाला. "कोयते बाजारात मिळत्यात." पण म्हणताना त्याचा हात कमरेशी गेला, जिथे कोयता खोवलेला असे.

संध्याकाळी खबर ऐकून केसरीनाथदादा आले. त्यांनी आधी खुंटी पाहिली, तुटलेली सुतळी बोटात धरून पाहिली आणि विचारलं, "हे कुनी बांधलं?"

"मी," तुळजा म्हणाली.

"गाठ माझी," दामू म्हणाला.

"सुतळी मी मागवली," सावळाराम म्हणाला.

दादा चिडायला आले होते, पण तीन गुन्हेगार पाहून त्यांचा राग कुठे बसावा ते त्यालाच कळेना. "काढायची न्हाय म्हनलं म्हनून कोनी बांधून ठेवतं का?" एवढंच ते बोलले.

सगळे पांगल्यावर तुळजा त्यांच्याजवळ आली. "दादा, माझं चुकलं का?"

"बांधलंस ते चुकलं."

"ते न्हाई. ते कळलं. पूजेतलं उचललं ते?"

दादांनी पाण्याकडे पाहिलं. "बाय, आज माझ्याबी घरी होडी पुजलेली हाय. कोन बुडताना दिसला असता तर मी ती ढकलली असती. ढकलली असतीच. मंग घरी येऊन देवापुढं नाक घासलं असतं. दोन्ही कशाला करायचं, इचारशील तर मला न्हाय ठावं."

"मी आईला बोलले, जाग्यावर आनून ठेवते म्हनून. पूजा उतरायच्या आत."

"दामूला सांगितलंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. सांगितलं तर तो पाण्यात उतरेल. त्याने पाण्यात जाऊ नये म्हणून नवस, नवस राहावा म्हणून कोयता, आणि कोयत्यासाठी त्यानेच पाण्यात जावं? हा गुंता ती दुपारपासून सोडवत होती आणि प्रत्येक वेळी धागा तिच्याच बोटांत अडकत होता.

"मी काढून देतो म्हनलं तर?" दादांनी विचारलं.

"शब्द माझा हाय ना."

दादांनी सुस्कारा टाकला. "नवमीचं पानी, भांगाची नरम भरती-वहोटी हाय. वहोटी पुरी लागनार न्हाय. उद्या दुपारी दगडांपाशी कमरेएवढं राहील. वढ नसंल." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "पन येकटी उतरायचं न्हाय. कमरेला दोर. दुसरं टोक खांबाला न्हाय, मानसाच्या हातात. खांबाला तुझी हाक ऐकू येत न्हाय. बोल, येकटी न्हाय."

"येकटी न्हाई," ती म्हणाली. म्हणजे आता शब्द दोन झाले, एक देवीला आणि एक दादांना.

दसऱ्याला कामतघरात विचित्र शांतता होती. एरवी भिंतीपलीकडे रात्रंदिवस खडखडणारे माग पूजेला बसले होते. त्या शांततेत तुळजाला आपलेच श्वास मोठे वाटत होते. तिने शेवटची माळ चढवली, घटातलं उगवलेलं धान पाहिलं, बोटभर उंच आणि पिवळं. दामूने विचारलं, "उपास कधी सोडतीस?"

"जरा थांबते."

"का गं?"

"सांजच्याला सोडीन."

दामूने तिच्याकडे निरखून पाहिलं. त्याला काही कळलं असेल किंवा नसेलही. तो आपट्याची पानं आणायला चारचौघांबरोबर बाहेर पडला. तुळजाने कपडे वाळत घालायचा काथ्याचा दोर सोडला. तो तिने ओढून पाहिला, गाठ मारून पाहिली. रिंगेचा दोर घ्यायचा नाही, तो खुंटीखालीच राहिला पाहिजे. निदान एवढं तरी तिला स्वच्छ कळत होतं.

दोन खोल्या सोडून पुतळाबाईचं दार. आत लडकू खांदा बांधून पडला होता. पुतळाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. दोर पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"काय गं?"

"जरा कोनपतूर येतीस? दोर धरायचा हाय."

"कुनाचा?"

"माझा."

पुतळाबाईने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "अगं, तू तर तांब्यातलं पानी हाललं तरी दचकतीस."

"व्हय."

"आनी पान्यात जानार? उपाशी?"

"व्हय."

"कोयत्यासाठी?"

तुळजाला सांगता आलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण कोयत्यासाठी, का दामूसाठी, का त्या घाईत तोंडातून गेलेल्या चार शब्दांसाठी, हे तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. तिने दोराचं टोक पुढे केलं. आतून लडकूचा खणखणीत आवाज आला, "जा गं तिच्यासंगं. आनी सोडू नको. पुन्यांदा कोयता हाती आला तर कुनाला मारील, नेम न्हाय."

पुतळाबाई उठली. पदर खोचला. सवयीने चपलांत पाय घालायला गेली, तुळजाच्या पायांकडे तिची नजर गेली आणि तिने चपला भिंतीकडे सरकवून ठेवल्या.

ऊन माथ्यावर आलं होतं. ओहोटी लागली असेल, तुळजाने मनात म्हटलं, आणि देवीचं नाव घेतलं. या वेळी मधे दादांचा आवाज आला तेव्हा तिला लाज वाटली नाही. तिने दोघांनाही बोलू दिलं. दोर खांद्यावर टाकून ती कोनच्या वाटेला लागली.